एका श्रावणातले दोन बैल

वाटणीत बैलजोडी फोडली, तेव्हा मी लोणावळ्यात दुसऱ्याची बैलगाडी हाकत होतो. थोरला भाऊ आमच्या गावाहून, वडिवळ्याहून, उजवीकडचा बैल घेऊन आला, माझ्या दारात बांधला आणि गेला. डावीकडचा त्याने ठेवला. जमीनही त्याच्याकडेच राहिली. गाडीवाल्याला शेत कशाला, असं पंचांनी परस्पर ठरवलं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही.

दोन्ही गोऱ्हे आमच्याच गोठ्यात एकाच श्रावणात जन्मले होते. मी माझ्या बैलाला नवा जोडीदार बघितला आणि स्टेशनावरचा माल खंडाळ्याच्या बंगल्यांवर पोचवू लागलो. कोळसा, कपाटं, बर्फाच्या लाद्या. धंदा वाढवला तो कुणाच्या मेहरबानीने नाही.

काही वर्षांनी भातलावणीच्या दिवसांत गावी गेलो. भावाचा बैल चिखलात औत ओढत होता. कातडी तुकतुकीत, खालचे दात अजून धड. माझ्या बैलाच्या मानेला घट्टे पडलेले, गुडघे सुजलेले, दातांचे खुंट झालेले. एका वयाची जनावरं अशी नसतात. माझ्या गळ्यात कुठलातरी म्हातारा, रंगाला जुळणारा बैल मारला होता, हे मला तिथेच कळलं.

लावणी उरकल्यावर माझा बैल चालवत वडिवळ्याला नेला. चार माणसांसमोर भावाला म्हणालो, "दादा, ह्यो आपल्या गोठ्यातला न्हाई."

भाऊ तंबाखू मळत होता. "मला कशाला इचारतो? त्यालाच इचार. सोड त्याला."

मी कासरा सोडला. बैल अंगणात क्षणभर थांबला, मग लंगडत गोठ्यात शिरला आणि भावाच्या बैलाच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. तिथे दावणही नव्हती. भावाचा बैल त्याची मान चाटू लागला, घट्टे होते तिथेच.

वहिनी म्हणाली, "भावजी, बैलाचं दात झालं बघून. आता तुमचं बी बघू द्या, केस तर कवाच पिकल्यात."

लोक हसले. मला हसू आलं नाही. बैल खरा असेल, तर मग म्हातारपण कुठून आलं? एकच गोठा, एकच श्रावण. घाट म्हणावा, तर चिखल काय हलका असतो? आणि भावाकडेच सगळं कसं टिकतं?

"ह्याला हितंच ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाला. "माझा घाटात ने. दोन पावसाळ्यांनी दोघांचं दात बघू. कशानं झिजत्यात ते कळंल."

"तुला काय मिळणार ह्यात?"

"काय मिळायचंय? बघायचं."

वाटणीच्या वेळीही तो असाच सावकाश बोलला होता. स्वतःचा तोटा दिसत असताना जो अदलाबदल सुचवतो, त्याच्याशी सौदा करू नये, हे मी बाजारात शिकलोय. मी माझा बैल सोडवला. तो निघेना, शेपूट पिरगाळावं लागलं.

वाटेभर तो मागे बघत होता. वळणावर मीही पाहिलं. भाऊ दारात उघड्या डोक्याने उभा होता. केस काळेभोर. आणि तो माझ्याहून सहा पावसाळ्यांनी मोठा.