बुधवारही गेला

मंडळी, तासाभरापूर्वी दापोऱ्याहून बुऱ्हानपूरला परतले. आल्या आल्या हे लिहायला बसले.

खाण्याची भीती बसलेल्या मुलींवर मी संशोधन करते. भीतीशी भांडायचं नाही, तिला राहू द्यायचं आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करत राहायचं, अशी मी वापरते ती उपचारपद्धत.

दापोऱ्यातली एक पोरगी त्यांच्यातलीच, आठवड्यातले सहा दिवस उपवास करते. बुधवार तेवढा मोकळा, म्हणून मी बुधवारीच जाते. आज तिच्यापुढे त्यांच्याच मळ्यातलं केळं ठेवलं.

"दीदी, आजपासून बुधवार पण धरला. आमच्याकडे तो गणपतीचा वार."

"अगं, केळं तर उपवासाला चालतं ना?"

"मी कडक करते. पाण्यावर."

मग नेहमीचा प्रश्न विचारला, तुला सगळ्यात मोलाचं काय वाटतं?

"उपवास. तेव्हाच तर घरात सगळे माझी तारीफ करतात."

आई चहा घेऊन आली. चेहरा नुसता फुललेला. "आमची पोरगी लई धार्मिक आहे, मॅडम. गल्लीतल्या बाया आपल्या पोरींना हिचंच उदाहरण देतात."

माझ्या पद्धतीत यापुढचं काहीच लिहिलेलं नाही. आणि तिचा हात आज मागच्या वेळेपेक्षाही बारीक दिसला.

तुम्हीच सांगा, आता मी कोणत्या वारी जाऊ?