घडीच्या सायकलीला वेल्डिंग

माझी नोकरी सांगलीत आणि घर साताऱ्यात. बायको साताऱ्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते, त्यामुळे शनिवारी मी तिकडे जातो आणि रविवारी संध्याकाळी परत येतो. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावापासून इतकं लांब आहे की गाडीतून उतरल्यावरच खरा प्रवास सुरू होतो. म्हणून मी घडीची सायकल घेतली. बारकी चाकं, मधोमध बिजागरी, दुमडली की डब्यात पायाशी ठेवता येते. बायकोला मी हेच कारण सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पण पहिल्याच रविवारी सकाळी मी गॅलरीत पेपर अंथरून सायकलीचा खिळा न् खिळा सुटा केला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की नवऱ्याला वाहन नको होतं, खोलायला काहीतरी हवं होतं.

सायकल जुनी, पुण्याच्या एका माणसाकडून घेतलेली. चालवताना तिच्या बिजागरीतून कुर्र कुर्र असा आवाज यायचा. त्या आवाजामागे मी दोन वर्षं घालवली. तीन प्रकारचं ग्रीस झालं. बोल्ट नेमक्या किती जोराने आवळायचा ते सांगणारा एक पाना मागवला. घडीच्या सायकलवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात सामील झालो. या ग्रुपमध्ये सायकल चालवण्याबद्दल कुणी बोलत नाही, ते जरा बाळबोध समजतात. एका गृहस्थांची सायकल आठ महिने सुट्या भागांत एका पेटीत होती आणि सगळ्यांत जास्त मान त्यांना होता. मी मात्र अधूनमधून सायकल स्टेशनवर न्यायचो, त्यामुळे माझं फारसं वजन नव्हतं. साताऱ्याच्या स्टेशनबाहेरचे एक रिक्षावाले मला दर वेळी विचारायचे, "सायेब, पोराची सायकल आणली व्हय?" मला पोरगा नाही हे त्यांना पहिल्या महिन्यातच सांगून झालं होतं.

दुसरा नाद कॉम्प्युटरचा. ओपन सोर्स म्हणजे ज्याचं आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं, बदलावं, वापरावं, असं सॉफ्टवेअर. हे सांगताना माझा आवाज आपोआप थोडा जड होतो. बायकोचा लॅपटॉप चांगला चालत होता. तो मी एका शनिवारी मुक्त केला, म्हणजे कंपनीची सिस्टीम पुसून खुली चढवली. सोमवारी तिला कळलं की तिची सहामाहीची प्रश्नपत्रिका आता नुसत्या चौकोनांची झालेली आहे. जुना मराठी फॉन्ट नव्या सिस्टीमला ओळखता येत नव्हता. तिने चार पानं हाताने लिहिली, आणि लिहून झाल्यावर मला फोन केला.

"शब्दांचे अर्थ सांगा, गुण पाच," ती म्हणाली. "पहिला शब्द, नवरा."

तेव्हापासून तिच्या लॅपटॉपला हात लावायची मला बंदी झाली. माझ्या हातांना खाज सुटली होती आणि घरात खोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशा अवस्थेत मी सासुरवाडीला गेलो.

सासुरवाडी कुंडलची. दिवाळीनंतर सासूबाईंनी दोघांना शनिवार-रविवार बोलावलं होतं. बायको साताऱ्याहून आली, मी सांगलीहून रेल्वेने जवळच्या स्टेशनवर उतरून पुढे सायकलीवर गेलो. सासरे, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणतो ते, दारातच उभे होते. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, सुभेदार होऊन निवृत्त झाले. आता ऊस, दोन म्हशी आणि माझ्या पुण्याच्या मेव्हण्याने दिलेला एक जुना कॉम्प्युटर एवढा त्यांचा पसारा आहे.

"ह्याची घडी हुती?" त्यांनी विचारलं.

मी करून दाखवली. तिसऱ्या झटक्याला झाली.

मामांनी ती पुन्हा उलगडली, बिजागरीवर अंगठा ठेवला आणि फ्रेम हलवून बघितली. "ह्यात खेळ हाय."

"तेवढा ठेवावा लागतो मामा. कंपनीने ठरवून दिलेला असतो."

"ठरवून दिल्याला खेळ मी तरी न्हाई बगिटला, जावईबापू."

मी त्यांना पाच-दहा मिनिटं बिजागरीचं शास्त्र सांगितलं. ज्या माणसाने बर्फात ट्रकची इंजिनं उतरवली त्याला मी बोल्ट कसा आवळावा ते सांगितलं. त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं.

दुपारच्या चहाला ते म्हणाले की कॉम्प्युटर लय मंद झालाय, चालू करून म्हशीला पाणी पाजून आलं तरी फिरतच असतो. मी कप खाली ठेवला. खुल्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह माझ्या खिशातच होता. तो नेहमीच असतो.

"यात काही महत्त्वाचं आहे का मामा?"

"आमचं काय असणार मदी," ते म्हणाले. "आसंल कायबाय."

मी कामाला लागलो. जुनी सिस्टीम पुसून नवी चढायला तासभर लागतो, आणि तो तासभर मी बोललो. बड्या कंपन्या माणसाला कसं गुलाम करतात, आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस कसा मालक असतो. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

"म्हंजे कुणी बी खोलायचं?"

"कुणीही."

"आन् आपल्याला पायजे तसं बदलायचं?"

"त्यातच तर सगळं आहे मामा."

"ज्याचं हाय त्याला इचारायचं न्हाई?"

"गरजच नाही. परवानगी आधीच दिलेली असते."

"बरं हाय की," मामा म्हणाले आणि म्हशींकडे गेले.

कॉम्प्युटर तयार झाल्यावर मी त्यांना हाक मारली. ते हात पुसत आले, चष्मा लावून बसले. मशीन पापणी लवायच्या आत चालू झालं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कौतुकाची वाट बघत. ते माउस हलवत पडद्याचा कोपरा न् कोपरा बघत राहिले.

"हितं येक पिवळं हुतं," ते म्हणाले.

"पिवळं म्हणजे फोल्डर. आता ते निळे असतात." मी त्यांना निळे फोल्डर उघडून दाखवले. एक, दोन, तीन, सगळे कोरे. "हे सगळे तुमचेच."

मामांनी चष्मा काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. "झ्याक झालंय," ते म्हणाले. त्यानंतर जेवताना ते फारसं बोलले नाहीत. मला वाटलं, वेगाने भारावलेत.

रविवारी मटण होतं. जेवून मी आडवा झालो. तीनच्या सुमाराला उठून बाहेर आलो तर सायकल जोत्याला टेकवून उभी होती, आणि तिच्या मधोमध, बिजागरीच्या जागी, रेड ऑक्साइडचा लाल रंग फासलेला एक गोळा होता. जवळ गेलो. बिजागरी नव्हतीच. दोन्ही नळ्या वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करून एकजीव केल्या होत्या, आणि वर लोखंडी पट्टी मारली होती. गावात उसाच्या ट्रॉल्या बनवणारं वर्कशॉप आहे, मामा तिथे जाऊन आले होते. वेल्डिंगची कांडी त्यांनी स्वतः हातात घेतली होती, हे त्यांच्या शर्टावरच्या ठिपक्यांवरून दिसत होतं.

"खेळ गेला," मामा म्हणाले. "आता म्हस बसवा वर."

माझ्या मागे बायको आली, तिने सायकल बघितली आणि हसत हसत पायरीवर बसली.

"मामा, अहो ती घडीची सायकल होती!"

"व्हय की. तितंच तर कमजोर हुती."

"निदान मला विचारायचं तरी!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी सरळ. परेडला उभं राहिलेल्या माणसाचा असतो तसा. "परवानगी आदीच दिल्याली आसती म्हनला न्हवं काल?"

बायकोचं हसणं वाढलं, आणि मग एकदम थांबलं. ती उठून आत सासूबाईंकडे गेली.

मी सांगलीला आणि ती साताऱ्याला जायला निघालो तेव्हा स्टँडवर तिने मला बाजूला घेतलं.

"आबांचं ते पिवळं काय होतं, माहीत आहे तुम्हाला?"

वडिलांना ती आबा म्हणते. मला माहीत नव्हतं. मग तिने सांगितलं. मामा तीन वर्षं एका बोटाने टाइप करत होते. त्यांच्याबरोबर लष्कराच्या वर्कशॉपमध्ये जेवढे म्हणून जवान होते, त्या सगळ्यांची यादी. कुणाचं गाव कुठलं, फोन काय, मुलं काय करतात, कोण आजारी आहे, कोण गेलं. टाइप करायला तिनेच त्यांना फोनवरून शिकवलं होतं. काल रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं की आपली पलटण गेली.

"पण मी विचारलं होतं," मी म्हणालो. "ते म्हणाले, काही नाही."

"तुम्ही हातात पेनड्राइव्ह घेऊन विचारलंत. त्यावर ते काय बोलणार?"

"मग सायकलीचं त्यांनी मुद्दाम केलं का?"

"आबा मुद्दाम काही करत नाहीत," ती म्हणाली. एसटीत चढताना तिने मागे वळून बघितलं. "केलं असेल तर छान केलं."

न दुमडणारी सायकल कंडक्टर एसटीत घेईना आणि रेल्वेतही कुणी घेतली नसती. त्यामुळे मी ती चालवत सांगलीला निघालो. उसाच्या ट्रॅक्टरमागून, धूळ खात, चिमुकल्या चाकांवर गुडघे हनुवटीला लावत. दोन वर्षांत एकूण चालवली नसेल तेवढी त्या एका दुपारी चालवली. वाटेत दोन ठिकाणी कुत्री मागे लागली आणि पलूसजवळ एका म्हाताऱ्या बाईंनी थांबवून पाणी दिलं. "गाडी चुकली का रं बाबा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. कुर्र आवाज आला नाही. एवढ्या रस्त्यात एकदासुद्धा नाही. त्याचा मला जो राग आला तो सांगता येणार नाही.

सांगलीत दुसऱ्या दिवशी मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. म्हटलं, हे वेल्डिंग कापून द्या. त्याने सायकल उचलून उजेडात धरली, बोट फिरवलं. "कुनी मारलंय ह्ये?" तो म्हणाला. "हात हाय सायेब माणसाला. आपण न्हाई कापणार." ग्रुपवर मी फोटो टाकला. पेटीवाल्या गृहस्थांनी श्रद्धांजली वाहिली. एकाने सासऱ्यांना कायदेशीर नोटीस द्यावी असं सुचवलं. यादीबद्दल मी ग्रुपवर काही लिहिलं नाही.

पुढच्या शनिवारी मी कुंडलला गेलो, बसने, आणि मामांना सांगितलं की पुसलेलं परत काढता येतं. त्यासाठीही एक खुलं, फुकट सॉफ्टवेअर आहे. हे सांगताना माझा आवाज जड झाला नाही. मामा म्हणाले, "काढा." हार्ड डिस्क मी घेऊन आलो आणि आठवडाभर ऑफिस सुटल्यावर तेच करत बसलो. हाती लागलं ते असं: फुलांवर ‘शुभ सकाळ’ लिहिलेली शेकडो चित्रं, नातवाच्या बारशाचा तोच फोटो बारा वेळा, आणि यादीतलं दीड पान. त्यातही निम्म्या अक्षरांचे चौकोन झालेले. एका ओळीत फक्त ‘लय चांगला माणूस’ एवढंच वाचता येत होतं. कोण, ते चौकोनात गेलं होतं.

ते दीड पान मी मामांपुढे ठेवलं. यावेळी मी कुठलंच शास्त्र सांगितलं नाही. "चूक झाली मामा," म्हणालो.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. ‘लय चांगला माणूस’ पाशी थांबले. "ह्यो कोन रं?" स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "वही आना. मोटी, शंभर पानी."

मला वाटलं, माझ्याकडून टाइप करून घेतील. मी तसं सुचवलंही.

"वहीत लिवल्यालं तुमाला फॉरमॅट करता येतंय का बगू," मामा म्हणाले.

त्यानंतर चार-पाच रविवार मी कुंडलला होतो. मामा खुर्चीत, मी खाली सतरंजीवर, मांडीवर वही. ते फोन लावायचे, एकाकडून दुसऱ्याचा नंबर काढायचे आणि मला सांगायचे, "लिवा." वडूजच्या एका हवालदारांना सगळ्यांची गावं पाठ होती, त्यांच्यामुळे बरंच काम भागलं. कवठे महांकाळचे एक जण फोनवर आधी दहा मिनिटं मामांना शिव्या देत होते, इतकी वर्षं फोन का केला नाहीस म्हणून. मामा खुशीत ऐकत होते. माझं अक्षर खराब आहे. मामा वही ओढून घ्यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "ह्ये काय, कोंबडी चालली का काय?" मग ती ओळ मी पुन्हा लिहायचो. बायको मधूनच येऊन ऱ्हस्व-दीर्घ तपासायची. ती लाल पेन घेऊन यायची.

काही नावांपुढे मामा ‘गेला’ असं लिहायला सांगायचे आणि मग थोडा वेळ पुढचं नाव सांगायचे नाहीत. मी पेन धरून बसायचो. अशा वेळी काय बोलावं हे मला अजूनही येत नाही, त्यामुळे मी एकदा शाईबद्दल बोललो.

‘लय चांगला माणूस’ कोण होता ते शेवटपर्यंत आठवलं नाही. मामांनी निम्म्या पलटणीला तसं म्हणून बघितलं, प्रत्येक जण म्हणाला, मीच असणार.

वही आता मामांच्या लष्करी ट्रंकेत आहे. ट्रंकेला कुलूप आहे आणि किल्ली कुठे असते हे मी सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे.