आक्काची कवळी

"अर्दं तुजं, अर्दं माजं." भाकर गुडघ्यावर मोडायची न् थोरला तुकडा माज्याकडं सारायची. आसली बाई तुमी बी बगितली आसंल कुटंतरी.

तिला आमी आक्का म्हनायचो. आमच्या शेजारच्याच घरातली. दरसाली आमी ऊसतोडीला कोपरगावकडं जायचो. थळात, तोडकऱ्यांच्या तळावर, तिजी पाचटाची कोपी माज्या कोपीला लागून. पाटंच्या थंडीत उठायचं, पाचटात हात फाटायचं, डोक्यावर मोळ्या घेऊन गाडी भरायची. ते काय सांगत बसायचं, सगळ्यांनीच केलंय.

एकदा मला ताप भरला. आंगावरचं दूध आटलं. लेकरू रडून रडून निळं पडलं. आक्काची पोरगी बी तान्हीच हुती. तिनं माजं लेकरू उचललं न् दुसऱ्या बाजूला पाजाया लावलं.

म्या म्हनलं, "आक्का, तुज्या पोरीला कमी पडंल गं."

"दूध काय नाव लिहून येतंय व्हय? पड गुमान."

चांगलं लुगडं दोघीत एकच हुतं. जिच्या घरी लगीन, ती नेसायची.

मिसरी लावून लावून म्हातारपनी दोघींच्या बी दातांनी साथ सोडली. मंग भाकर वरनात कुस्करायची न् गिळायची. आक्काला शेंगदाने लई आवडायचं. मूठभर घ्यायची, वास घ्यायची, पाखरांना टाकायची.

तिजा ल्योक केडगावला ऱ्हातो. त्यानं तिला नगरला दाताच्या डाक्टरकडं नेली. डाक्टरनं सांगितलं, हाडात स्क्रू बसवून त्येच्यावर दात पक्के करता येत्यात, निघत न्हाईत, चावायला जोर येतो. न्हाईतर साधी कवळी, रोज काढायची, धुवायची. पक्क्या दाताला मिसरी सोडावी लागंल. ल्योक म्हनला, पक्केच बसवू. आक्का म्हनली, "न्हाई. काढायचेच पायजेत."

समद्यांना वाटलं, म्हातारीला मिसरी सुटंना. मला बी तसंच वाटलं.

कवळी आली त्या दिवशी सांजच्याला ती माज्या वट्यावर आली. आल्या आल्या त्वांडातनं कवळी काढली, नळावर खळखळून धुतली, पदराला पुसली न् माज्या म्होरं धरली.

"घाल."

"आगं, तुजी हाय ना?"

"घालून तर बग. सकाळचं मी जेवीन, सांजच्याला तू. म्हनून तर काढायचे घेतले."

म्या घातली. तिजा जबडा रुंद, माजं त्वांड चिमनीचं. वरची बाहीर आली, खालची जिभंवर पडली. आरशात बगितलं तर घोडी दिसाया लागले. आमी दोघी हसलो, डोळ्याला पानी येस्तवर.

मंग आक्का कवळी हातात फिरवत बसली.

"एकीची दुसरीला बसत न्हाई व्हय?"

"तू डाक्टरला इचारलं न्हाईस?"

"लाज वाटली गं."

म्या म्हनलं, "तू खा की शेंगदाने. मी बगती."

"तुज्या म्होरं एकलीच चावत बसू?" आसं म्हनून तिनं कवळी पदराच्या गाठीला बांदली. चारचौघात लगीनकार्याला घालायची. माज्याजवळ जेवाया बसली की काढून ठिवायची. तिजं बी वरन, माजं बी वरन.

मागल्या थंडीत आक्का गेली. काय दुखलं न्हाई, खुपलं न्हाई. सांजच्याला माज्याजवळ जेवून गेली, पाटंला उठलीच न्हाई. तिच्या दहाव्याला म्या मिसरी सोडली, डबीसकट नदीला.

परवा माजी लेक मला त्याच डाक्टरकडं घेऊन गेली. त्यानं त्वांड बगितलं, फोटू काढला. म्हनला, "आजी, हाड बरं हाय. कसले बसवायचे? काढायचे का पक्के?"

लेक म्हनली, "आये, काढायचेच घे. स्क्रू बिक्रू नको. धुवायला बी बरं पडतंय."

म्या म्हनलं, "पक्के बसवा. आता काढून कुनाला द्यायचेत?"