पुसलेली ओळ

कामरगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्यासोबत शिकवणारे एक सर स्वतः धडे लिहितात. वर समजावणी, खाली तिथंच चालवून पाहायचा कोड. प्रत्येक धड्याची सुरुवात, 'एकदम सोपं आहे.' पण लिहिताना मधलीच ओळ पुसतात आणि धडा पुन्हा वरून चालवून बघत नाहीत. एकदा चालवलेली ओळ पुसली, तरी त्यांच्या मशीनला ती बंद करेपर्यंत आठवते. पोरांच्या मशीनला कुठून आठवणार? पोरं अडली की सर म्हणतात, "ध्यान कुटं रायते तुमचं?"

काल एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मले नाई जमत हे. उद्यापासून येत नाई."

माझं डोकंच फिरलं. सरांची मशीन त्यांच्यादेखत बंद करून पुन्हा चालू केली. "चालवा आता धडा, वरून."

दुसऱ्याच ओळीला लाल एरर.

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "पाहा, बिघडवली न मशीन तुमी!"