थेल्माच्या वहीतला चौथा फटका

आमच्या गावात सगळ्यात मोठा माणूस कोण, असं विचारलंत तर लोक डेल्बर्ट रासमुसेनचं नाव घेतील. त्याने जन्मभर धान्याच्या कोठारावर मक्याच्या गाड्या उतरवल्या, कुणाचं वाकडं केलं नाही आणि एकदा बेसबॉलच्या एका सामन्यात चार होमरन मारले, म्हणजे चार वेळा चेंडू थेट कुंपणापार. यातलं शेवटचं खोटं आहे. तीनच मारले. चौथ्याचं वाटोळं मी केलं.

एका सामन्यात चार होमरन म्हणजे काय, हे नेब्रास्कातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोठमोठ्या संघांत शंभर वर्षांत हा पराक्रम करणारे जेमतेम डझन-दीड डझन. आणि आमचा डेल्बर्ट, जो दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून यायचा, तो १९५३च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या गावाविरुद्ध तीन मारून चौथ्यासाठी उभा होता. एक गडी बाद, पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, मी. धावपटू म्हणून माझी ख्याती अशी होती की गाभण गायसुद्धा मला मागे टाकेल.

डेल्बर्टने चेंडू आभाळात हाणला. मला, महापंडिताला, वाटलं की चेंडू झेलला जाणार. चेंडू झेलला तर धावणाऱ्याला बेसवर परतावं लागतं, म्हणून मी इमानदारीत मागे फिरलो. डेल्बर्टची नजर चेंडूवर. चेंडू कुंपणापलीकडच्या मक्यात पडला आणि डेल्बर्ट मला ओलांडून पुढे निघून गेला. पुढच्या गड्याला ओलांडलं की मारणारा बाद, होमरन रद्द, नुसता एका बेसचा फटका धरायचा. माझी धाव मात्र मोजली जाते! असा नियम करणाऱ्याचे पाय धुऊन पाणी प्यावं.

अंपायर होता आमचा न्हावी फोगल. तो मक्याकडे बघत उभा होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं. समोरच्या संघाने बोंब ठोकली तेव्हा तो सामन्याची वही लिहिणाऱ्या मुलीकडे गेला. ती माझी सख्खी बहीण थेल्मा. गावात तिच्या शब्दाला पाद्र्याच्या शब्दाहून जास्त वजन होतं.

"थेल्मा, पोरी, खरं सांग. ओलांडलं का त्याने?"

मी लांबून 'नाही म्हण' असे हातवारे करत होतो.

"ओलांडलं," ती म्हणाली. "आमचा ठोंब्या माघारी येत होता ना!"

आणि तिने पेन्सिलीने एका बेसचा फटका लिहून टाकला. डेल्बर्ट तरातरा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. गावाला वाटलं, आता हा वही फाडतो. त्याने पुढच्या वसंतात तिच्याशी लग्न केलं. काहीजणांचं एका पराभवाने समाधान होत नाही.

थेल्मा गेल्या हिवाळ्यात वारली. यंदा मैदानावर डेल्बर्टच्या नावाचा फलक लावायचं ठरलं तेव्हा समितीची बाई त्याच्या स्वयंपाकघरात आली; मीही तिथेच बसलो होतो.

"चार होमरन ना, मिस्टर रासमुसेन? तुम्ही हो म्हणा, मी लिहून घेते."

त्या चौथ्यासाठी हा माणूस पन्नास वर्षं झुरला. दर हिवाळ्यात वही काढून ते पान बघत बसायचा, हे मला माहीत होतं. त्या दिवशी तिथे असलेल्यांपैकी आम्ही दोघेच उरलो होतो.

"चारच, बाई," मी म्हणालो. "मी त्याच्यापुढे पळत होतो."

डेल्बर्टने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"तू? पळत होतास?"

"अरे गाढवा, मान डोलाव ना! कुणाचं काय जातंय?"

त्याने खणातून वही काढली आणि पान बाईपुढे ठेवलं.

"हे माझ्या बायकोने लिहिलंय. ती असताना खोड म्हणायची हिंमत झाली नाही. आता ती नाही म्हणून खोडू?"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मला लाज वाटली.

फलक लागला. वर डेल्बर्टचं नाव, खाली 'तीन होमरन आणि एका बेसचा फटका', आणि त्याच्या हट्टाने शेवटी 'वही लिहिणारी : थेल्मा'. परगावचे लोक वाचतात आणि विचारतात, एका बेसच्या फटक्याचं एवढं काय कौतुक? डेल्बर्ट माझ्याकडे बोट दाखवतो. मग मला उठून सांगावं लागतं.