मॅडमजी, आपका पिठला बैठ गया

सर्व्हरच्या लॉग फाइल्स वेळेवर साफ केल्या नाहीत तर डिस्क भरते. ऑफिसच्या किश्श्यांचंही तसंच. आज थोडे रिकामे करते, नाहीतरी काल झोप लागलेली नाही. माझी इरा चार वर्षांची झाली आणि अजून माझ्याशी एक अख्खं वाक्य मराठीत बोललेली नाही. समजतं सगळं, उत्तर हिंदीत. नवरा हवाई दलात, त्याच्या बदलीमुळे आम्ही चंदीगडला. तो म्हणतो, "बोलेल गं." विमानांच्या बाबतीतही हा इतकाच निवांत असतो का, हे विचारायचं धाडस होत नाही.

*

मी मोहालीत, नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत लिनक्स सर्व्हर सांभाळते. रुजू झाले तेव्हा नव्या मशीन्सना नावं द्यायचं काम माझ्याकडे आलं. सांगलीची आठवण येत होती, त्यात भूकही लागली होती. पिठलं, थालीपीठ, ठेचा अशी नावं देऊन टाकली.

दुसऱ्याच आठवड्यात आमचे सीनियर गुरप्रीतजी गंभीर चेहऱ्याने आले. "मॅडमजी, आपका पिठला बैठ गया."

मशीन लगेच उठलं. मला हसू आवरून उठायला जरा वेळ लागला.

*

लिनक्समध्ये 'नाइस' नावाची कमांड आहे. एखाद्या कामाला नाइस केलं की ते सभ्यपणे मागे सरकतं, इतरांना पुढे जाऊ देतं. एका प्राध्यापकांचं गणित अख्खा ठेचा खाऊन बसलं होतं. मी त्यांना कळवलं, की तुमचं काम एकोणीसपर्यंत, म्हणजे पार रांगेच्या शेवटी, नाइस केलंय.

त्यांनी आभार मानले, तुम्हीही फार नाइस आहात म्हणाले, आणि घरची पिन्नी, म्हणजे इकडचे कणकेचे लाडू, पाठवली.

पिन्नी खाल्ली. नाइस काढला नाही.

*

एकदा थालीपीठ रोज दुपारी दोनला आचके द्यायला लागलं. मी मेमरी तपासली, लिनक्सच्या गाभ्याची, कर्नलची सेटिंग्ज बदलली, प्रोफेसरांच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी सापडलं. दोन वाजता एकदाच बॅकअप घ्यायचा, त्या ओळीत मिनिटांच्या शून्याच्या जागी 'दर मिनिटाला' सांगणारी चांदणी (*) पडली होती. म्हणजे दोन ते तीन, दर मिनिटाला एक बॅकअप. ओळ कोणी लिहिली ते पाहिलं. मीच.

गुरप्रीतजींनी चहाचा घोट घेतला. "कोई नहीं जी. बॅकअप तो पक्का है."

*

इराचं रडगाणंही त्यांच्याकडेच गायले. घरी नियम केला होता, मराठीत मागशील तरच मिळेल. इराने स्टूल ओढलं, स्वतः पाणी घेतलं आणि मलाही ग्लासभर आणून दिलं. "लो मम्मा, आपको भी प्यास लगी होगी."

गुरप्रीतजी म्हणाले, "लिंक डाउन नहीं है जी. रिप्लाय दूसरे रास्ते से आ रहा है."

पटलं. पण मला तो त्याच रस्त्याने हवा होता.

*

गेल्या शनिवारी पाळणाघर बंद, म्हणून इरा माझ्याबरोबर सर्व्हर रूममध्ये. एक जुनं मशीन रीस्टार्ट केलं आणि ते उठेचना. गुरप्रीतजी आणि मी काळ्या स्क्रीनकडे बघत उभे. इरा हळूच मशीनपाशी गेली. त्याच्यावरून हात फिरवत, अगदी माझ्या सकाळच्या आवाजात म्हणाली, "ऊठ गं राणी, बस निघून जाईल."

मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "इरा, परत म्हण ना. मला म्हण."

तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"श्श, मम्मा. वो उठ रही है."