खरवडलेली भिंत
पांढरी माती भिजवल्याचा वास आला की मला अजून चीड येते. पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षांतली गोष्ट. सेलूजवळच्या आमच्या गावी मला बघायला जिंतूरचे पाहुणे येणार होते, आणि आदल्या दिवशी माय समोरच्या भिंतीचे पोपडे खुरप्यानं खरवडत बसली. "माय, वरतूनच हात फिरव की!" मी ओरडले. "जुनं काढल्याबिगर नवं धरत न्हाई," ती म्हणाली. भिंत सगळी उघडी झाली, घमेल्यात माती भिजून तयार, आणि उठताना तिचा गुडघा असा धरला की उभंच राहता येईना. मी पोतेरं उचललं तर खेकसली, "ठिव ते! उद्या पाहुणे हात बघतेत." पाहुण्यांनी हात बघितलेच नाहीत, तशीच उघडी राहिलेली भिंत बघत बसले, आणि होकार काही आला नाही. परवा माझा गुडघा तपासून डॉक्टर समजावत होते, की सांध्यातल्या कूर्चेच्या पेशी स्वतःच जुना थर काढतात आणि स्वतःच नवा चढवतात; वय झालं की काढणं चालूच राहतं, चढवणं मागं पडतं. मी वैतागून विचारलं, "अन् पाहुणे उद्याच आले तर?" डॉक्टरांना काही कळलं नाही.